बुलेट बांधून झाली, पण कार्ब्युरेटर लागत नाही: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

जुनी बुलेट बांधून, म्हणजे इंजिन खोलून नव्याने जुळवून, घरी आली की पहिले आठ दिवस तिच्याकडे बघण्यातच जातात. मग एखाद्या रविवारी आपण वाईहून पाचगणीकडे निघतो आणि पसरणी घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी गुदमरायला लागते. वर पोचेपर्यंत आयडलिंग, म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर गाडी संथ चालू राहणं, गेलेलं असतं. रस्त्याकडेला गाडी लावून आपण स्क्रू ड्रायव्हर काढतो, कार्ब्युरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा) एक स्क्रू फिरवतो, मग दुसरा. थोडा वेळ बरं वाटतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

माझा गॅरेजचा धंदा नाही. पण माझ्या स्वतःच्या कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० बुलेटवर आणि नंतर मित्रांच्या, मित्रांच्या मित्रांच्या गाड्यांवर हा दोष मी इतक्या वेळा काढलाय की आता क्रम ठरून गेलाय. त्या क्रमात कार्ब्युरेटरचे स्क्रू जवळजवळ शेवटी येतात. निम्म्याहून जास्त वेळा तिथपर्यंत पोचायची वेळच आली नाही.

इथे लिहिलेलं मिककार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटर आणि सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट करणारे विजेचे संपर्क) असलेल्या ३५० बुलेटसाठी आहे. अमलचा कार्ब्युरेटर असलेली त्याहून जुनी गाडी असेल तर स्क्रूंच्या जागा वेगळ्या दिसतील, क्रम तोच ठेवा.

बांधल्यावरच हा त्रास का सुरू होतो

गाडी बांधायला देण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षं कुणी ना कुणी तिचे स्क्रू फिरवत आलेलं असतं. झिजलेला बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), बसत नसलेले वाल्व्ह, सैल वाल्व्ह गाइड या सगळ्याची भरपाई त्या सेटिंगमध्ये झालेली असते. आता बोअर नवा, पिस्टन ओव्हरसाइज, वाल्व्ह घासून बसवलेले. इंजिन आधीपेक्षा जोरात हवा ओढतं. कार्ब्युरेटर मात्र जुन्या थकलेल्या इंजिनाच्या हिशोबाने लावलेलाच राहतो. त्यात सायलेन्सर मोकळा बसवला असेल, एअर फिल्टर काढून टाकला असेल, तर हिशोब आणखी बिघडतो.

दुसरं कारण पेट्रोल. यातल्या बऱ्याच गाड्या बनल्या तेव्हा पंपावर शिशाचं पेट्रोल मिळायचं. ते देशभर २००० साली बंद झालं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साडेतेरा पटीच्या आसपास. म्हणजे जुन्याच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून) तेवढंच पेट्रोल येत राहिलं तर मिश्रण आपोआप पातळ होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. नव्या बोअरला हे चालत नाही. पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, आणि रनिंग-इन (सुरुवातीला हळू चालवून नवे भाग बसवणं) न झालेला तापलेला पिस्टन जॅम होतो. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत मिश्रण किंचित जाडच ठेवा. प्लग थोडा काळा पडलेला मला चालतो, पांढरा पडलेला चालत नाही.

लक्षणं आधी नीट लिहून काढा

गाडी "नीट चालत नाही" एवढ्यावर काहीही सापडत नाही. कागद घ्या आणि दोष कधी येतो ते लिहा: थंड असताना की गरम झाल्यावर, एक्सलेटर बंद असताना, पाव उघडल्यावर की पूर्ण उघडल्यावर. एक्सलेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर चिकटपट्टीच्या खुणा करून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असे टप्पे आखून घेतले की हे फार सोपं होतं.

नेहमी दिसणारी लक्षणं अशी:

- चोक लावला तरच चालते, काढला की बंद पडते. पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा आत जातेय.
- आयडलिंग वरखाली होतं, कधी रेस आपोआप चढते आणि उतरायला वेळ लागतो. बहुतेक वेळा हवेची गळती, कधी केबल.
- एक्सलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. आयडलिंगचं मिश्रण पातळ, किंवा एक्झॉस्टचा पाइप हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) सैल.
- झटकन एक्सलेटर दिला की क्षणभर दम खाते, कार्ब्युरेटरमधून शिंकते. खालच्या टप्प्यात पातळ.
- काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग कोरडा काळा, घाट चढताना आणखी जड होते. मिश्रण जाड.
- पंधरा-वीस किलोमीटर छान चालते, मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण आणि कंडेन्सर (पॉइंटसोबतचा विजेचा छोटा भाग) बघा.
- किक मागे मारते. याचा कार्ब्युरेटरशी संबंध क्वचितच असतो. टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय.

विनाखर्चाच्या तपासण्या

गाडी स्टँडवर लावून चालू करा आणि हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवा. रेस बदलली तर एक्सलेटरची केबल ताणली जातेय. बांधताना टाकी काढलेली असते, केबल परत घालताना ती चुकीच्या बाजूने जाते. कार्ब्युरेटरच्या टोकाशी केबलला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई हवीच. ही ढिलाई नसेल तर स्लाइड (केबलने वरखाली होणारी कार्ब्युरेटरची झडप) पूर्ण खाली बसत नाही आणि मग आयडलिंगचा स्क्रू कितीही फिरवा, त्याला अर्थ नाही.

टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं भोक रंगाने किंवा गंजाने बुजलेलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. गाडी बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला. माझ्या ओळखीच्या एकाने या एका भोकापायी दोनदा कार्ब्युरेटर उघडून घेतला होता.

चोक कसा वापरता तेही बघा. या कार्ब्युरेटरचा चोक वेगळ्या छोट्या वाटेने जादा पेट्रोल देतो, आणि ती वाट स्लाइड बंद असतानाच ओढते. चोक लावून एक्सलेटर पिरगाळत किक मारली तर चोकचा उपयोग शून्य होतो. एक्सलेटरला हात न लावता किक मारा.

उलट, चोकचा दट्ट्या पूर्ण खाली बसत नसेल, त्याच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल, तर ती वाट कायम थोडी उघडी राहते. मग प्लग सारखा काळा होतो आणि हवेच्या स्क्रूला (आयडलिंगचं मिश्रण जाड-पातळ करणाऱ्या स्क्रूला) गाडी दादच देत नाही. ही खूण लक्षात ठेवा, खूप वेळ वाचतो.

बॅटरी. सीबी पॉइंटच्या बुलेटची ठिणगी बॅटरीवर चालते. रात्री हेडलाइट लावल्यावर आयडलिंग पडत असेल तर आधी बॅटरी चार्ज करून, तिची टोकं घासून, घट्ट करून बघा.

प्लग आणि पेट्रोलचा प्रवाह

प्लग काढून बघणं म्हणजे इंजिनाची नाडी बघणं. फिक्या विटकरी ते करड्या रंगाचा प्लग चांगला. कोरडी काजळी असेल तर मिश्रण जाड. ओला, तेलकट, चकाकता काळा असेल तर ते पेट्रोल नसून ऑइल आहे. कार्ब्युरेटर बाजूला ठेवा, रिंगा किंवा वाल्व्ह गाइडकडे बघावं लागेल. पांढरा, भाजल्यासारखा असेल तर पातळ, आणि अशी गाडी दामटू नका. हल्लीच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, तेव्हा जुन्या मिस्त्रींनी सांगितलेला गडद चॉकलेटी रंग शोधत बसू नका. गॅप ०.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. शंका असेल तर नवा प्लग टाका, याहून स्वस्त उपाय पुढे कुठलाच नाही.

मग पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरकडून काढून बाटलीत सोडा आणि कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) उघडा. मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना, आसपास विडी-सिगारेट नको. सलग धार हवी. थेंब पडत असतील, किंवा धार चांगली सुरू होऊन दोन मिनिटांत बारीक होत असेल, तर कॉकची जाळी, टाकीतला गंज किंवा झाकण. रिझर्व्हवरही बघा. बाटलीतलं पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी गंजाचा चुरा किंवा पाण्याचा वेगळा थर दिसतो का? इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी असेल तर तो पाण्याचा थर टाकीच्या तळाला बसतो आणि सगळ्यात आधी कार्ब्युरेटरच्या वाटीत (तळाशी पेट्रोल साठतं त्या भागात) उतरतो. कोकणात आणि गोव्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे मी वारंवार पाहिलंय. टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. जुन्या रबरी नळ्याही बदला. इथेनॉलने त्या आतून सुटतात आणि त्यांचे काळे कण जेटमध्ये अडकतात.

हवेची गळती: सगळ्यात जास्त इथेच सापडतं

बांधलेल्या गाडीत मला एकच जागा तपासायला सांगितली तर मी कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला जोड तपासेन. तिथे दोन स्टड असतात, मध्ये उष्णता रोखणारी बेकलाइटची जाड चकती, आणि कार्ब्युरेटरच्या फ्लँजच्या (जोडाला टेकणाऱ्या सपाट तोंडाच्या) खाचेत रबरी ओ-रिंग. गाडी बांधणारा मनुष्य सगळे नट जसे आवळतो तसे हे दोन्ही नटही आवळतो. फ्लँज मऊ धातूची असते. दोन्ही कानांकडून ओढली गेल्याने ती वाकते आणि केसाएवढी फट राहते. डोळ्यांना दिसत नाही. त्या फटीतून आत जाणारी हवा कार्ब्युरेटरने मोजलेली नसते. एक्सलेटर बंद असताना एकूण हवाच कमी असते, त्यामुळे एवढीशी फटही आयडलिंग उधळून लावते. एक्सलेटर उघडला की तिचा वाटा नगण्य होतो आणि गाडी ठीक चालते. "वर छान पळते, सिग्नलला बंद पडते" ही तक्रार म्हणूनच या जोडाकडे बोट दाखवते.

तपासायला गाडी आयडलिंगवर ठेवून साध्या फवाऱ्याच्या बाटलीने जोडावर थोडं पाणी मारा. आवाज बदलला, रेस पडली किंवा सुधारली, तर गळती आहे. काही जण पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारतात. तापलेल्या सायलेन्सर-पाइपच्या शेजारी ते करू नका. पाण्याने पत्ता लागला नाही तर ब्रशने जोडाभोवती जाडसर इंजिन ऑइल लावून बघा, फट तात्पुरती बुजते.

गळती सापडली तर कार्ब्युरेटर उतरवा आणि फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा. मध्ये उजेड दिसला की फ्लँज वाकलीय. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, ऑइलचे चार थेंब टाकून फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासा. घाई केली तर ती तिरकी घासली जाते. पाच मिनिटं घासा, पुसा, पट्टी धरून बघा, पुन्हा घासा. ओ-रिंगची खाच उथळ व्हायला लागली तर थांबा. नवी ओ-रिंग घाला, बेकलाइटच्या चकतीला तडा आहे का बघा, आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे, समान आवळा. इथे जोर लावायचा नसतो. सिलिकॉनचं सील तर अजिबात लावू नका. ते पेट्रोलने सुटतं आणि त्याची साल आत ओढली जाते.

एअर फिल्टर आणि त्याची रबरी नळीही याच बैठकीत बघून घ्या. फिल्टर बुजला असेल तर मिश्रण जाड, नळी फाटली असेल तर पातळ, आणि वर धूळ थेट नव्या बोअरमध्ये. "मोकळा श्वास घेते" म्हणून फिल्टर काढून गाडी चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, बोअरचे पैसे आठवा आणि फिल्टर परत बसवा.

ठिणगी नीट नसेल तर कार्ब्युरेटर लागणारच नाही

सीबी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) शंभर-दोनशे रुपयांत येतं, अंदाजाने लावू नका. पॉइंटवर खड्डा आणि त्यासमोर उंचवटा दिसला तर कंडेन्सर संशयित. कंडेन्सरची खोड अशी की थंड असताना तो चांगला वागतो आणि तापल्यावर सोडून देतो. वीस किलोमीटरनंतर मिसिंग सुरू, प्लग काळा, आणि आपण समजतो पेट्रोल जास्त होतंय. प्लग काळा पडायला पेट्रोल जास्तच असावं लागतं असं नाही. न जळलेलं पेट्रोलही तीच काजळी देतं. नवा कंडेन्सर लावून एक फेरी मारून बघणं हा सगळ्यात सोपा निकाल.

टायमिंग पूर्ण रिटार्ड (ठिणगी सगळ्यात उशिरा पडेल अशा) स्थितीत पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी. किक हळू दाबताना पॉइंट उघडले की अँपमीटरचा (बॅटरीत वीज जातेय की बाहेर येतेय ते दाखवणारा) काटा मध्यावर येतो, त्यावरून ढोबळ अंदाज येतो. नेमकं लावायला प्लगच्या भोकातून खोली मोजावी लागते. आणि डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर आणणारी) वजनं आणि स्प्रिंगा असतात. बांधताना त्या ठिकाणी ग्रीस थापलं गेलं की वजनं चिकटतात, टायमिंग एकदा पुढे गेलं की परत येत नाही, आणि आयडलिंग उंचावर अडकतं. लक्षण हुबेहूब हवेच्या गळतीसारखं. कॅम हाताने फिरवून सोडला की तो झटकन परत यायला हवा.

टॅपेट (पुशरॉड आणि वाल्व्ह यांच्यातल्या ढिलाईची जुळणी) इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला ठेवून बघा. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. बांधल्यानंतर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये ही जुळणी बदलतेच. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट झाला तर वाल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम झाल्यावर आयडलिंग जातं.

कॉम्प्रेशनचा साधा अंदाज किकवर उभं राहून येतो. डिकॉम्प्रेसर (किक हलकी करणारी खटकी) न ओढता किकने वजन काही क्षण तोलून धरलं पाहिजे. सरळ खाली गेली तर ट्यूनिंगचा विचार सोडा, ते काम हेड उघडणाऱ्याचं आहे.

आता कार्ब्युरेटर उघडा

उघडण्याआधी दोन्ही स्क्रू, हवेचा आणि आयडलिंगचा, हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती वेढे जातात ते मोजून लिहून ठेवा. फोटो काढा. खाली जुनी पांढरी चादर पसरा, स्प्रिंग उडाली तरी सापडते.

सगळ्यात नाजूक भाग पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणारा. त्याचं भोक इतकं बारीक की सुकलेल्या पेट्रोलचा नुसता पापुद्राही ते बुजवतो. उजेडाकडे धरून स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की जेटवर कोरलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा, कंप्रेसरच्या हवेने फुंका. क्लीनर डोळ्यांत उडतो, चष्मा घाला. आणि आधी सगळे रबरी भाग काढून ठेवा.

बॉडीतल्या वाटा तपासायची रीत अशी: हवेच्या स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारा. स्लाइडच्या खाली, इंजिनाच्या बाजूला बारीक छिद्रं आहेत, तिथून तुषार बाहेर आले पाहिजेत. एका मित्राची गाडी तीन महिने आयडलिंग धरत नव्हती. चकचकीत दिसावा म्हणून कार्ब्युरेटरची बॉडी बीड ब्लास्टिंगला दिली होती, आणि काचेच्या बारीक मण्यांपैकी काही आतल्या वाटेत घट्ट बसले होते. दोन दिवस भिजवून, दोन्ही बाजूंनी हवा मारून ते निघाले. बॉडी ब्लास्ट करायचीच असेल तर सगळी भोकं बुजवूनच द्या.

फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डचमळलं तर तो बुडतो, बदला. फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला. फ्लोटची पातळी जास्त असेल तर गाडी सगळ्याच टप्प्यांत जाड चालते आणि उभ्या गाडीतून पेट्रोल ठिबकतं. एक चाचणी मला फार आवडते: मोकळ्या सरळ रस्त्यावर एका संथ वेगात कॉक बंद करा आणि चालवत राहा. वाटीतली पातळी उतरते तसं मिश्रण पातळ होत जातं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी अचानक गोड चालायला लागली, तर ती जाड चालत होती. काहीच न सुधारता नुसती मेली, तर जाडपणाचा संशय सोडा.

स्लाइड परत घालताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला यायला हवा. उलटी बसली तर रेस उतरतच नाही.

स्क्रू लावणं

आठ-दहा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण तापवा. थंड इंजिनावर लावलेलं आयडलिंग घाटात टिकत नाही. हवेचा स्क्रू टेकेपर्यंत आत आणि मग दीड वेढा बाहेर, ही सुरुवात. आयडलिंगच्या स्क्रूने रेस थोडी वर ठेवा. हवेचा स्क्रू पाव-पाव वेढा फिरवा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून ऐका. इंजिन उत्तर द्यायला वेळ घेतं. या कार्ब्युरेटरचा स्क्रू हवेचा आहे: आत घेतला की जाड, बाहेर काढला की पातळ. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या काही दुसऱ्या कार्ब्युरेटरांत तो पेट्रोलचा असतो आणि दिशा उलटी होते, तिथे इथला हिशोब लावू नका.

रेस सगळ्यात चढेल आणि ठोके सगळ्यात सारखे पडतील ती जागा शोधा. मग आयडलिंगचा स्क्रू सोडून रेस खाली आणा. पुन्हा हवेचा स्क्रू थोडा इकडे-तिकडे. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. एक्सलेटर झटकन दिल्यावर दम खाल्ला तर स्क्रू थोडा आत घ्या.

सगळ्यात चांगली जागा अर्ध्या वेढ्याच्याही आत येत असेल तर पायलट जेट बुजलाय किंवा लहान आहे. तीन वेढे बाहेर काढूनही गाडी जाडच वाटत असेल तर फ्लोट किंवा चोकचा दट्ट्या पुन्हा बघा. स्क्रू कुठे येऊन थांबतो, ही स्वतःच एक तपासणी आहे.

आयडलिंग किती ठेवायचं यावर माझं मत ठाम आहे. ठोके मोजता येतील इतकं संथ डगडग ऐकायला गोड वाटतं, मलाही वाटतं. पण ऑइल पंप इंजिनाच्या वेगावर चालतो. नव्याने बसवलेल्या बेअरिंगांना त्या संथ ठोक्यांत ऑइल कमी मिळतं, आणि अँपमीटरचा काटाही डिस्चार्जकडे झुकलेला दिसतो. मिनिटाला ९०० ते १००० फेरे ठेवा.

पाव ते पाऊण एक्सलेटरच्या टप्प्यात निडल (स्लाइडला लटकलेली लांब सुई) काम करते, आणि टूरिंगची जवळपास सगळी चाल याच टप्प्यात असते. निडलवर पाच खाचा असतात, मधल्या खाचेत लॉक ठेवून सुरुवात करा. लॉक एक खाच खाली सरकवलं की निडल वर उचलली जाते, मिश्रण जाड. हल्लीच्या पेट्रोलवर माझ्या गाडीला मधल्यापेक्षा एक खाच खालची मानवली. अर्ध्या एक्सलेटरवर चढण चढताना टकटक आवाज येत असेल, आणि टायमिंग बरोबर असल्याची खात्री असेल, तर हा बदल आधी करून बघा.

मेन जेट शेवटचा. तो पाऊण ते पूर्ण एक्सलेटरवरच बोलतो. रनिंग-इन संपेपर्यंत त्याला हात लावू नका, कारण त्याची परीक्षा घ्यायला पूर्ण एक्सलेटर लागतो आणि नव्या बोअरवर तो देता येत नाही. पुढे बदललाच तर एका वेळी एकच पायरी, आणि मोठ्याकडून लहानाकडे या. मोठ्या जेटने गाडी जड चालेल, लहान जेट पिस्टनला भोक पाडू शकतो.

लेहला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पुण्याच्या साधारण ५६० मीटर उंचीवर लावलेली गाडी महाबळेश्वरला किंचित जाड वाटते, तेवढं सोडून द्या. लेह मात्र ३५०० मीटरवर आहे, आणि खारदुंग ला ५३५९ मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. निडल एक खाच उतरवणं (लॉक एक खाच वर) आणि एक-दोन पायऱ्या लहान मेन जेट जवळ ठेवणं योग्य. पण मनालीकडे उतरल्याबरोबर सगळं मूळ जागी आणा. वरची सेटिंग तशीच ठेवून पंजाबच्या उन्हात महामार्गावर गाडी पळवली तर पिस्टन जॅम व्हायला वेळ लागत नाही.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाकडे न्या

ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर किकच मारू नका. फ्लोटमधून वाहिलेलं पेट्रोल बोअरमधून खाली उतरलंय, पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खाईल. गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्या.

हेडमधला स्टड नुसताच फिरत असेल, आटे गेले असतील, तर घरी जुगाड करू नका. आटे नव्याने पाडायला योग्य साधनं लागतात. स्लाइड बॉडीमध्ये हलवल्यावर खडखडत असेल, बाजूने उजेड दिसत असेल, तर तो कार्ब्युरेटर आता कुणालाच लावता येणार नाही. चांगल्या प्रतीचा नवा घ्या. निळा धूर, किकला दम नसणं, खालून येणारा ठोक्याचा आवाज ही इंजिन उघडणाऱ्याची कामं. टायमिंग नेमकं मोजायला साधन नसेल आणि किक मागे मारत असेल तर तेही द्या. त्या किकने पायाचं हाड मोडू शकतं. आणि वरचं सगळं दोनदा करूनही प्लग पांढराच येत असेल तर गाडी चालवणं बंद करा, मग ती कितीही छान पळत असली तरी.

मेकॅनिककडे देताना सोबत तो लक्षणांचा कागद द्या: हवेचा स्क्रू किती वेढे, निडलचं लॉक कितव्या खाचेत, दोन्ही जेटांवरचे आकडे, पॉइंटचा गॅप, प्लगचा रंग, दोष कोणत्या टप्प्यात येतो, आणि तुम्ही काय काय बदललंत. प्लगही काढून कागदात गुंडाळून द्या, पुसून नको. गाडी परत आली की नवे आकडे त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या.